डिसइंटरेस्टेड माणूस पाहिजे

आमच्या कचेरीत नव्यानं आलेल्या एका मुलीनं गेल्या महिन्यात रजेच्या अर्जावर शेरा मारला होता. अर्जदार कामाबाबत ‘डिसइंटरेस्टेड’ दिसतात, असा. मी तो खोडून ‘अनइंटरेस्टेड’ केलं आणि तिला बोलावून फरक सांगितला. ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड. ज्याला रस असेल वा नसेल, पण ज्याचा त्यात काही लाभ नाही आणि तोटाही नाही, तो डिसइंटरेस्टेड. मराठीत त्याला आपण त्रयस्थ म्हणतो. ती म्हणाली, “मॅडम, हल्ली सगळे असंच लिहितात.” लिहीत असतील. पण मी सतरा वर्षांची असताना या एका शब्दापायी आठ दिवस नीट जेवले नव्हते, म्हणून मला तो चुकीचा लिहिलेला चालत नाही.

आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. साठ सालानंतरची गोष्ट. ते तापानं आठवड्याभरात गेले. घरात आई आणि मी. महिना संपेपर्यंत क्वार्टर रिकामं करा, अशी नोटीस आली. एकच वाट होती. रेल्वेच्या दवाखान्यात आयाची एक जागा रिकामी होती, आणि नोकरीत असताना गेलेल्या माणसाच्या बायकोचा तिच्यावर आधी विचार व्हायचा. आईला ती मिळाली तर क्वार्टर राहणार होतं. नाही मिळाली तर वडगाव रासाईला मामाच्या दारात. मामा चांगला होता, पण तिथं माझी मॅट्रिक नक्कीच सुटणार होती.

इंग्रजी वाचणारी घरात मी एकटीच, म्हणून सगळी कागदपत्रं माझ्याकडे. यादी करायची सवय मला तेव्हाच लागली. वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं : मृत्यूचा दाखला, दोन फोटो, अर्ज, वयाचा दाखला. पहिल्या तिन्हींवर टिक झाली. चौथ्यावर अडलं. वय पस्तिशीच्या आत हवं होतं, आणि आईचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती शाळेत गेली नव्हती. जन्म वडगावचा, भीमेच्या काठचा. तिला विचारलं तर ती म्हणायची, “मोठा पूर आला तवा मी पाळण्यात व्हते म्हनं. का रांगत व्हते, कुणास ठाव.” माझ्या हिशेबानं ती चौतीस ते सदतीसच्या मधे कुठंतरी होती. चौतीस असली तर क्वार्टर, सदतीस असली तर नाही.

शाळेचा कागद नसेल तर जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाचं लेखी निवेदन चालेल, असं अर्जावर छापलं होतं. त्या माणसाआधी एक लांबलचक शब्द होता. मी तो वाचला, कळला नाही आणि पुढं गेले. मामाला दौंडला बोलावून घेतलं. निवेदन मी लिहायचं, त्यानं सही करायची.

“किती लिहू, मामा?”

“किती पायजे?”

“पस्तीसच्या आत.”

“मग अठ्ठावीस लिव. काठावर कशाला ऱ्हायचं?”

जितकं कमी तितकं पक्कं, असं मलाही वाटलं. मी अठ्ठावीस लिहिलं. सगळे रकाने भरलेत का, एवढंच तपासलं आणि कागद घेऊन कचेरीत गेले.

तिथले हेडक्लार्क चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून वाचायचे. त्यांनी निवेदन वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

“तू मुलगी का? तुझं वय?”

“सतरा.”

“म्हणजे तू झालीस तेव्हा आई अकरा वर्षांची.”

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. माझ्या कानशिलांपासून मानेपर्यंत आग झाली. हेडक्लार्क हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “हे सही करणारे कोण?” मी म्हटलं, मामा. त्यांनी निवेदन माझ्याकडे सरकवलं, नवा कोरा अर्ज काढला, त्यातल्या त्या लांब शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाले, “असला माणूस आण. आठ दिवस आहेत.”

मी कचेरीतून सरळ शाळेत गेले आणि इंग्रजीच्या सरांकडची डिक्शनरी मागून घेतली. अर्थ दोन दिलेले होते. रस नसलेला, आणि स्वार्थ नसलेला, निःपक्षपाती. सरांनी दुसऱ्या अर्थावर बोट ठेवलं. “कचेरीला हा हवाय. तुमचं भलं झालं काय आणि वाईट झालं काय, ज्याचं काही जात-येत नाही असा.” मी वहीत लिहून घेतलं. त्याखाली लिहिलं : वडगावात असं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही केडगावला उतरलो, नदीपर्यंत चालत गेलो आणि नावेतून पलीकडे वडगावला. नावेत आई काठाला धरून बसली होती आणि मी मनातल्या मनात म्हाताऱ्या माणसांची मोजणी करत होते.

मामाच्या ओसरीवर बसून मी तीन रकान्यांची यादी केली. माणूस, जन्मापासून ओळखतो का, आपला कोण. तिसरा रकाना रिकामा असेल तो माणूस आपल्या कामाचा. मामी निवडणं निवडत एकेक नाव सांगत गेली आणि मी लिहीत गेले. सुईण वारली होती. तिचा मुलगा मामाच्या रानात वाट्यानं होता. देवळाचा गुरव आईला मानलेली बहीण म्हणायचा. सुतार चुलत आजोबांचा व्याही. मास्तर नवीन, पाबळकडचा, त्याला काहीच माहीत नाही. दुपारपर्यंत चौदा नावं झाली आणि तिसरा रकाना चौदाच्या चौदा ठिकाणी भरलेला.

खरी पंचाईत अशी की लोकांना मी काय मागते तेच विचित्र वाटत होतं. आमच्याकडे साक्षीला माणूस बोलवतात तो आपला म्हणूनच. सोयरिकीत, वाटणीत, बांधाच्या भांडणात जो तुमच्या बाजूनं उभा राहील तो पंच. गुरव तर दुखावलाच. “मी न्हाई चालत? तुज्या आईला मी खांद्यावर घेऊन फिरवलीया. मंग कोन चालतो, वाटचा वाटसरू?”

“वाटसरूच पाहिजे, पण जन्मापासून ओळखणारा,” मी म्हटलं.

“असा वाटसरू घावला तर मलाबी दाखव,” तो म्हणाला.

मग मला एक कल्पना सुचली, आणि ती मला फार हुशारीची वाटली. आपला नको ना? मग परका घ्यावा. सोसायटीच्या निवडणुकीत मामाच्या विरुद्ध उभे राहिलेले एक वयस्कर बागाईतदार होते. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. दोन घरांत पाणी पिणं बंद होतं. मी आईला न सांगता एकटीच त्यांच्या वस्तीवर गेले. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुज्या मामानं किती लिवलं व्हतं म्हनलीस?”

“अठ्ठावीस.”

“मंग मी चाळीस लिवतो.”

“आप्पा, पण खरं किती?”

“खऱ्याचं काय घेऊन बसलीस, पोरी. तुज्या मामानं पुढच्या खेपेला अर्ज मागं घेतला तर अठ्ठावीसबी लिवीन. सांग त्याला.” आणि आत पाहून ओरडले, “पोरीला गूळ-पानी द्या रं. पोरीशी काय भांडन न्हाई आपलं.”

गूळ खाल्ला, पाणी प्यायले आणि परतले. वाटेत मला कळलं की वैऱ्याचाही तिसरा रकाना भरलेलाच असतो. त्याचंही आपल्यात गुंतलेलं असतं, फक्त उलट्या बाजूनं. पुढं पुष्कळ वर्षांनी मी या शब्दाचं मूळ एका जाड कोशात पाहिलं. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मधे आणि ‘एस्से’ म्हणजे असणं. मधे असणं, म्हणून फरक पडणं, म्हणून हितसंबंध. व्याजाला इंटरेस्ट म्हणतात तेही त्याच मुळातून फुटलेलं. आधी ‘डिस’ लावला की त्या मधून बाहेर निघालेला. वडगावात बाहेर निघालेला कुणी नव्हता. सगळे मधेच होते.

दोन दिवस असे गेले. सहा उरले. रात्रीचं जेवण मला उतरत नव्हतं. मामी म्हणायची, पोरगी नोकरी लागायच्या आधीच वाळली. आईच्या वयाची चर्चा सगळं गाव करत होतं आणि ती मात्र चुलीपुढं भाकरी थापत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी घालता घालता ती अचानक म्हणाली, “देवी काढायला यायचा त्यो तांबोळ्यांचा मानूस घोडनदीला असतोय का अजून?”

शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं घोडनदीच म्हणतात. देवी काढणारा म्हणजे लहान पोरांना देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. गावोगाव फिरायचा. त्याला सगळे देवी डॉक्टर म्हणायचे, डॉक्टर नसला तरी. मामी म्हणाली, “हाय की. म्हातारा झालाय. पन त्यो लई तिरका. त्याच्यासमोर कुनाची डाळ शिजत न्हाई.”

मी वहीत त्यांचं नाव लिहिलं. तिसरा रकाना पहिल्यांदाच कोरा राहिला, पण मला बरं वाटलं नाही. ज्याचं काही जात-येत नाही तो खरं सांगणार. आणि खरं किती आहे, हे मला माहीत नव्हतं.

मामानं गाडी जुंपून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं, तिथून एसटी. शिरूरच्या बाजारामागच्या बोळात त्यांचं घर होतं. दारात एक आजी बसल्या होत्या, त्यांच्या बायको. ते आत खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, उशाशी चष्म्याचं घर. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“डाक्टरमामा, मी वडगावची. नदीकडच्या वाड्यातली.”

“कुणाची?”

आईनं आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. ओळख पटली की नाही ते कळलं नाही. मी कागद पुढं केला आणि पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं : वडील, क्वार्टर, जागा, निवेदन. त्यांनी ऐकून विचारलं, “वय किती पाहिजे तुम्हाला?”

“पस्तीसच्या आत,” मी चटकन म्हटलं.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. “हे कशाला सांगितलंस, बेटी? आता मी काही लिहिलं तर त्याला तुझ्या आकड्याचा वास येणार.”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात आई मधे पडली. आई म्हणाली, “ती ल्हान हाय, मामा. तुमी जे हाय ते लिवा.”

त्यांनी वर्तमानपत्र उशाशी ठेवलं. मग बायकोला म्हणाले, “हिला आत ने. दंड बघ. वण किती आणि कुठं, मला येऊन सांग. मी त्याच्याआधी वही उघडत नाही.”

आई आणि आजी आत गेल्या. मी आणि ते समोरासमोर. आजी बाहेर आल्या. “तीन हैं. डाव्या दंडावर. चार टोचायचे ना, चौथ्याची जागा साफ आहे, खालची, कोपराकडची.”

मग त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. सरकारी रजिस्टर कधीच तालुक्याच्या कचेरीत जमा झालेली, पण गावात उभ्याउभ्या लिहिण्यासाठी त्यांच्या कच्च्या वह्या असायच्या आणि त्या त्यांनी ठेवल्या होत्या. कापडात बांधलेल्या, गावागावानं, सालासालानं. मला त्या भीतीतही त्या माणसाचा हेवा वाटला. वडगावची गाठ सुटायला वेळ लागला नाही. तीन वह्या चाळून चौथीत त्यांचं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. सगळं मोडी. एक अक्षर मला वाचता येईना.

त्यांनी वाचलं. आजोबांचं नाव. मुलगी. वय अंदाजे आठ महिने. डाव्या दंडावर चार टोचण्या. आठ दिवसांनी पाहणी : तीन लागल्या, खालची लागली नाही.

महिना आणि साल त्यांनी सांगितलं तसं मी वहीत मांडलं, वजाबाकी केली. दुसऱ्यांदा केली. पस्तीस वर्षं आणि चार महिने.

“अंदाजे आहे ना?” मी म्हटलं. “मग आठाऐवजी तीन महिने असतील तर?”

“पुढं शेरा आहे. ऐक. ‘मूल बसते.’ मी मूल मांडीवर घ्यायला लावत असे आईला, पण बसणाऱ्याला खाली बसवून टोचलेलं चालायचं, म्हणून लिहीत होतो. तीन महिन्यांचं बसतं?”

“नाही.”

“पाच महिन्यांचं?”

मी वजाबाकीखाली रेघ ओढली. त्यांनी निवेदन माझ्याकडूनच इंग्रजीत लिहून घेतलं, शब्द न् शब्द वहीतला, ‘अंदाजे’सकट, ‘मूल बसते’सकट. पुन्हा मराठीत समजावून घेतलं, आणि सावकाश सही केली. आजींनी चहा दिला. त्यांनी आईला विचारलं नाही की आता काय करणार. उठताना फक्त म्हणाले, “कागद दुमडू नका. सहीवर घडी येईल.”

दौंडच्या एसटीत मी तो कागद वहीत धरून बसले होते. आईचं वय जास्त आहे, याचा जगातला एकमेव पक्का पुरावा, आणि तो मीच माझ्या अक्षरात लिहिलेला. अजून पाच दिवस होते. मी हळूच आईला म्हटलं, “हा फाडू आपण. गुरवमामांकडून तेहेतीस लिहून आणू. मानलेली बहीण कागदावर दिसत नाही.”

आई खिडकीबाहेर पाहत होती. “फाडायचा तर फाड. तुला इंग्रजी येतंय, तू शानी.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “मी बसत व्हते म्हनं. कुनीतरी लिवून ठेवलं व्हतं. मला वाटायचं, आपलं कायच कुठं लिवल्यालं न्हाई.”

मी तो फाडला नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. आईचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि मला तो हलवता येईना, एवढंच.

हेडक्लार्कांनी कागद वाचला. “मूल बसते,” ते स्वतःशीच पुटपुटले. मी टेबलाची कड धरून उभी होते. त्यांनी विचारलं, “वही अजून आहे त्यांच्याकडे?” मी हो म्हटलं. मग त्यांनी अर्ज उलटा केला आणि पाठीमागच्या बारीक छपाईवर बोट ठेवलं. “हे वाचलंस?”

मी वाचलं नव्हतं. पुढच्या बाजूचे सगळे रकाने मी चार चार वेळा तपासले होते; अर्जाला पाठ असते हे माझ्या यादीत नव्हतं. तिथं लिहिलं होतं की मृत कर्मचाऱ्याच्या विधवेला वयात सूट देता येईल. मात्र वयाचा विश्वासार्ह पुरावा असला पाहिजे, आणि साहेबांची मंजुरी.

“अठ्ठावीसवाल्याला सूट कशाची मागणार होतो मी?” ते म्हणाले आणि कागद टाचणीनं अर्जाला लावला.

मंजुरी यायला सात आठवडे लागले. तोपर्यंत क्वार्टरच्या नोटिशीला मुदतवाढ मिळाली, तीही पंधरा-पंधरा दिवसांची. दर वेळी मी भांडी बांधायची आणि सोडायची. शेवटी आईला बोलावणं आलं. पांढरं लुगडं नेसून ती पहिल्या दिवशी दवाखान्यात गेली तेव्हा मी वहीतल्या चौथ्या ओळीवर टिक केली. कागद इतक्या वेळा खोडला होता की टिक पलीकडच्या पानावर उमटली.

मी शिरूरला पोस्टकार्ड टाकलं. नोकरी लागली, क्वार्टर राहिलं, आभार. उत्तर आलं नाही. दिवाळीला पुन्हा टाकलं, मॅट्रिक पास झाल्यावर पुन्हा. एकदाही उत्तर नाही. मला वाईट वाटलं. मग वाटलं, डिक्शनरीतला पहिला अर्थही त्यांना लागू असावा, रसच नसेल. पुढं मी वाचलं की या दोन शब्दांची एके काळी अदलाबदल झालेली आहे. पूर्वी ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती, असेही वापर होते. तेव्हा मला ते पटलं. बाहेरून दोन्ही माणसं सारखीच दिसतात. उत्तर दोघंही पाठवत नाहीत.

आई नोकरीत मुरली. काही वर्षांनी शिरूरच्या त्या आजी दौंडला भाचीच्या घरी आल्या होत्या आणि गुडघ्याला औषध घ्यायला दवाखान्यात आल्या. आईनं त्यांना ओळखलं. देवी डॉक्टर वर्षभरापूर्वीच वारले होते. आईनं त्यांना घरी आणलं. मी चहा केला. विचारू नये असं ठरवूनही मी विचारलं, माझी कार्डं मिळाली होती का.

“मिली ना,” आजी म्हणाल्या. “तिन्ही. त्या वहीत ठेवलीत, तुझ्या आईच्या पानावर. मी म्हटलं, जवाब लिहा की. तर म्हणाले, कचेरीनं वही बघायला मागवली तर? पत्रापत्री आहे म्हटलं की मी त्रयस्थ राहत नाही. आधी नोकरी पक्की होऊ दे.”

“पक्की कधीच झाली होती, आजी.”

“त्यांना कुणी सांगितलं? तू लिहिलंस, लागली. पक्की झाली असं कुठं लिहिलंस?”

मी आत जाऊन जुनी वही काढली. कार्डात काय लिहिलं त्याची नोंद मी ठेवत असे. तिन्ही नोंदी पाहिल्या. खरंच लिहिलं नव्हतं.